तळघरातल्या तीन फळ्या

४ मे

लिही. भिंतीच्या सावलीला अजून बर्फ आहे, आणि माझा मुलगा विचारतो, हिवाळ्याची तयारी काय! बाजारात तुरी म्हणतात ते हेच.

काल आला. बस डेपोतले काळे हात जेमतेम धुतले, जेवला, ढेकर दिला आणि मग अट सांगितली. खिंड बर्फाने बंद व्हायच्या आधी तो येणार. तेव्हा तळघरातल्या तिन्ही फळ्या या टोकापासून त्या टोकापर्यंत भरलेल्या दिसल्या पाहिजेत. मागची ओळसुद्धा. कुठे रिकामी जागा दिसली की घराला कुलूप, आणि आम्ही दोघी सासू-सुना खाली शहरात, त्याच्या भाड्याच्या खोलीत.

"आणि उन्हाळ्यात परत वर?" मी विचारलं.

"परत नाही, आई. एकदा खाली म्हणजे खाली. एवढा चढ आता तुला झेपतो का?"

चढ मला झेपतो. त्याला झेपत नाही, म्हणून तो बसने येतो.

पण त्याचंही खोटं नाही. गेल्या हिवाळ्यात तळघराचा झरोका बुजला, हवा कोंडली आणि गाजर, कोबी, सलगम, सगळं कुजलं. खिंड बंद, बस बंद. आम्ही दोघींनी बर्फ वितळेपर्यंत बटाटा-मीठ खाल्लं, आणि चवबदल म्हणून मीठ-बटाटा. माझ्या हिरड्यांतून रक्त यायला लागलं. डॉक्टरने माझ्या तोंडात बॅटरी मारली आणि ओरडला माझ्या मुलावर, जसे काही दात त्याचे होते.

झरोका कोणी बुजवला? मी. म्हातारीला वाटलं, भाज्यांना थंडी वाजेल. लिही, मी. पेन का थांबलं? चल पुढे.

५ मे

वही मुलानेच आणली. "काय पेरलं, काय साठवलं, लिहून ठेवा." मला अक्षर येत नाही. मी बोलते, सून लिहिते. सून डावखुरी आहे, त्यामुळे लिहिता लिहिता हात शाईवरून फिरतो आणि संध्याकाळी अर्धी वही तिच्या मनगटावर असते.

तिने मधेच आपलं काही घुसवलं तर मला कळायचं नाही. म्हणून रोज परत वाचून घेते. वाचणारी पण तीच! चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या.

हसतेय. हसू नको, लिही.

१८ मे

टोमॅटोची रोपं खिडकीतून बाहेर काढली. दुपारी ऊन खायला बाहेर, संध्याकाळी आत. पाहुण्यांसारखे लाड. कायमची जागा दगडी भिंतीपाशी, उन्हाच्या बाजूला. दगड दिवसभर ऊन खातो आणि रात्री थोडं थोडं परत देतो. माझ्या नवऱ्यापेक्षा बरा. तो नुसताच खायचा.

मुलाने डेपोतून पत्र्याचे डबे पाठवले. ते घासले, काळे रंगवले, पाणी भरून रोपांच्या मधे ठेवले. तेही दगडाचंच काम करतात. हा उद्योग सुनेला पटेना. "आई, पाण्याचे डबे उशाला घेऊन झाडं झोपणार?" तूही गरम पाण्याची पिशवी घेऊन झोपतेस, तुला कोणी हसलं?

३ जून

काल रात्री पुन्हा गोठलं. जून महिना! लेट्यूस वाचलं, त्यावर जुन्या खिडक्यांची तावदानं टाकली होती. गाजर, बीट, सलगम जमिनीखाली, ती मंडळी कोणाला भीत नाहीत.

सुनेने मटार पेरला. एकटीने. मला म्हणाली, तुम्ही बघायचं नाही. मी बघितलं नाही, नुसती भिंतीवरून डोकावले. ओळ साफ वाकडी. काही बोलले नाही. म्हणजे थोडंच बोलले.

२२ जून

मटार उगवला. वाकडाच. सून सारखी बघून येते, जणू कोणी चोरून नेणार आहे.

१० जुलै

आज मुद्दाम सविस्तर लिही, तुझं कौतुक आहे.

दुपारी समोरच्या शिखरावर ढग बसला, पिवळट, पोट सुटलेला. असा ढग गारांचाच. मी ओरडले, "गोण्या आण!" गोण्या कुठे? सगळ्या शेजारणीकडे. शेजारीण म्हणजे आमची रेडिओ. बकऱ्या पाळते आणि बातम्या देते, दोन्ही न मागता. बकऱ्यांच्या लेंड्यांचं खत गोण्यांत भरून देते आणि गोणी मात्र लगेच परत मागते.

मी डोक्याला हात लावला. तेवढ्यात सून घरातून पळत आली, हातात मच्छरदाणी! लग्नात माहेराहून आणलेली, दुहेरी पलंगाची, झालरवाली. इथे डास कुठले, आलाच तर थंडीने मरेल. ट्रंकेत पडून होती. आम्ही दोघींनी ती घेवड्याच्या काठ्यांवरून ताणली, कोपऱ्यांना दगड बांधले, आणि गारा आल्या. बोराएवढ्या. मच्छरदाणीवर आपटून उडत होत्या. भोपळ्याची पानं चाळणी झाली, पण घेवडा शाबूत!

रेडिओ भिंतीपलीकडून म्हणाली, "अगं बाई, घेवड्याची वरात काढली की काय?"

मच्छरदाणी फाटली. मी म्हटलं, माहेरची वस्तू गेली गं. सून म्हणाली, "माहेरी डास आहेत, आई. मला त्यांची आठवण येत नाही."

मैदानातली मुलगी. डोकं आहे.

३० जुलै

बरण्यांना सुरुवात. घेवडा निम्मा वाळवायला छपरावर, निम्मा शिरक्यात, म्हणजे सून म्हणते त्या व्हिनेगरमध्ये.

सून घाई करते. पाण्याला उकळी आली की बरणी बाहेर काढायला निघते. तिला सांगितलं, इतक्या उंचावर पाणी लवकर उकळतं पण तापत नाही. माझ्या मुलासारखं. नुसता आवाज. म्हणून इथे बरण्या खालच्यापेक्षा जास्त वेळ ठेवायच्या, धीर धरायचा, तोवर वाटल्यास नवऱ्याशी फोनवर बोलायचं.

झाकणावर फडकं, फडक्यावर सुतळी, सुतळीला गाठ. चिठ्ठ्या सून चिकटवते, पण मला चिठ्ठी काय कामाची? तळघरात दिवा असला काय, नसला काय, माझी बोटं वाचतात. घेवड्याला एक गाठ, बीटाला दोन, टोमॅटोला सुरगाठ. गाठी मीच मारणार. तिने एक मारून बघितली. डाव्या हाताची गाठ, शेपूट उलटीकडे. सोडवायला लावली. म्हणाली, "गाठ ती गाठ, आई." तर मग अक्षरं पण उलटी लिही ना!

१५ ऑगस्ट

फोन आला मुलाचा. माझ्याशी दोन वाक्यं, मग तिच्याशी. मी ऐकत नव्हते. फोनच मोठ्याने बोलतो.

"खोली बघून ठेवलीय. खिडकी आहे. तुझी बागेची हौस असेल तर खिडकीत कुंडी ठेवू, एक सोडून दोन."

ती नुसतं "हं" म्हणाली. फोन ठेवला आणि मटार सोलत बसली, मान खाली.

कळतं मला. तरणी पोर, नवरा खाली, इथे सासू आणि कोबी. खाली दिवे, दुकानं, बहिणीचं घर जवळ. मी हट्टाने तिला इथे अडकवून ठेवलंय. पण मी काय करू? मी त्या खोलीत गेले की खिडकीत ठेवायची तिसरी कुंडी होईन.

हे वाचून दाखव.

वाचलं. उरलेला मटार सोलायला घेतला.

३ सप्टेंबर

खालची फळी भरली! घेवडा, मटार, बीट, मिठातला कोबी. मधली निम्मी. भिंतीपाशी टोमॅटो लालीवर आलेत, फांद्यांना टेकू द्यावे लागले. वरच्या फळीची मागची ओळ त्यांचीच. चिरंजीव, या. येताना चष्मा आणा.

१२ सप्टेंबर

रेडिओ सकाळीच सांगत आली, आज रात्री दहिवर गोठणार, झाका. मी आभाळ बघितलं. ढग होता. ढग म्हणजे आभाळाने रजई घेतली, गोठत नाही. म्हटलं, रेडिओ, तुझं स्टेशन लागत नाहीये.

१३ सप्टेंबर

रात्रीतून आभाळ निवळलं. टोमॅटो गेले.

१४ सप्टेंबर

काल एकच ओळ सांगितली. आज नाक पुसून बसलेय.

पानं काळी, उकडलेल्या पालेभाजीसारखी. लाल टोमॅटो पाणी पाणी. चूक माझी. निम्मं आयुष्य आभाळ बघण्यात गेलं आणि त्याने ऐन वेळी रजई फेकली. भिंतीला अगदी चिकटून होते तेवढे हिरवे वाचले. ते कागदात गुंडाळून कपाटाच्या कप्प्यात ठेवलेत, पिकतील. सुनेच्या साड्या बाहेर, टोमॅटो आत. बरणीत घालण्याएवढे नाहीत, खाण्यापुरते आहेत.

रेडिओने प्लास्टिक घातलं होतं, पण पानांना टेकवून. जिथे टेकलं तिथे तिचेही करपले. आज आमचं दोघींचं फार छान पटलं.

वरच्या फळीची मागची ओळ रिकामी राहणार. बघू. अजून महिना आहे.

६ ऑक्टोबर

गाजरं काढली. गोठवणाऱ्या रात्री खाऊन गोड झालीत. थंडीने गोड होणारी वस्तू ती एकच, मला तर थंडी हाडांत शिरते. पेटीत वाळूचा थर, गाजराचा थर, एकमेकांना न लागता. सफरचंदं वेगळी, पलीकडच्या खोलीत. सफरचंदाच्या वासाने गाजर कडू होतं. शेजार बघून ठेवायचा.

झरोका मी स्वतः साफ केला. उंदरांसाठी जाळी मारली. सून दिवा धरून उभी होती. म्हणाली, "आई, ते मागच्या वर्षीचं..."

"मागच्या वर्षीचं काय? मी बुजवला."

"पण तुम्ही त्यांना—"

"दिवा नीट धर."

आता वहीला सांगायला काय हरकत आहे. पोरीचा इथला पहिला हिवाळा. झरोक्यातून गार वारा येताना बघितला आणि मायेने आपली जुनी चादर कोंबली. मैदानात दारं-खिडक्या बंद केल्या की थंडी बाहेर राहते ना! तळघर श्वास घेतं हे तिला कोणी सांगितलंच नव्हतं. मीही नाही. मग नवऱ्यासमोर तिला कशाला उभी करायची? माझ्यावर रागावून तो काय करणार, आई बदलणार?

नाही, हे खोड. मुलगा वही बघेल. खोडलंस?

हो म्हणते.

२० ऑक्टोबर

सगळा हिशोब डोळ्यांनी लावला. खालची फळी भरलेली, मधली भरलेली, वरची पुढून भरलेली. मागे, ज्या ओळीत टोमॅटो बसायचे, तिथे भिंत दिसते.

रिकाम्या बरण्या मांडाव्यात असं मनात आलं. येणारच, मी काही संत नाही. पण चिरंजीव मेकॅनिक. बरणी उचलतो, हलवतो, कानाशी धरतो. रिकामी लगेच पकडेल, आणि आईची चोरी पकडून वर हसेल.

सुनेला म्हटलं, सामान बांधायला लाग. तुझं आधी, माझं हळूहळू.

तिने विचारलं, "शेवटच्या बीटाच्या साली काकूंच्या बकऱ्यांना टाकू ना?" मी एवढी मोठी गोष्ट बोलले आणि हिला साली सुचल्या! म्हटलं, टाक.

२४ ऑक्टोबर

मी दुपारी रेडिओकडे गेले होते. निरोपाचं बोलायला म्हणून गेले, पण तिने बोलू दिलं तर ना. परत आले तर सून तळघरातून वर येतेय, पदराला हात पुसत. "आई, मागची ओळ भरली."

"कशाने?"

"बीटाने. खालच्या वाफ्याच्या कडेला राहिलं होतं. केलं उकळून."

माझ्या बागेत मला माहीत नसलेलं बीट! खाली उतरून बघितलं. खरंच, लालबुंद ओळ. गुडघे दुखत होते म्हणून वर चढून हात लावला नाही. नुसती बघत राहिले. वाटलं, बिचारीने स्वतःच्याच पायावर धोंडा मारून घेतला. खाली जायचं सोडून सासूसाठी बीट उकळत बसली.

२७ ऑक्टोबर

आला. शेवटच्या बसने आला, शेवटच्या बसने गेला. मधे तळघर.

खालची फळी बघितली. मधली बघितली. स्टुलावर चढला. बोटाने पुढच्या बरण्या सरकवल्या, मागे हात घातला, एक बरणी काढली. हलवली. कानाशी धरली. दिव्यासमोर धरली.

"बीट?"

"बीट," सून म्हणाली. तिचा चेहरा पांढरा पडला होता. मला वाटलं, आता खाली जायची शेवटची आशाही गेली, म्हणून.

"बरंच केलंत गं तुम्ही," तो म्हणाला. बरणी परत ठेवली. थोडा वेळ स्टुलावरच उभा राहिला, उतरावं की नाही असा. मग म्हणाला, "झरोका?"

"उघडा आहे. मी बघते रोज," सून म्हणाली.

"आई परत चादरबिदर कोंबणार नाही ना?"

"नाही कोंबणार," मी म्हटलं. "चादरी संपल्या."

बस वळणावर गेली तशी सून भिंतीला टेकून खालीच बसली. रडत होती की हसत होती, तिचं तिला माहीत. मी म्हटलं, उठ, फरशी गार आहे. खोलीची खिडकी काय पळून जात नाही, पुढच्या वर्षी जा.

४ नोव्हेंबर

बर्फ. खिंड बंद. जिंकले!

१६ नोव्हेंबर

कोबी अप्रतिम. मिठातला, आंबलेला, करकरीत. हिरड्या ठणठणीत. रोज सकाळी आरशात बघते आणि डॉक्टरची आठवण काढते, चांगल्या शब्दांत नाही. कपाटातले टोमॅटो एकेक पिकतायत. सुनेच्या साड्यांना टोमॅटोचा वास, पण घालून जायचंय कुठे?

रेडिओ बर्फातून वाट काढत आली. कुरकुर करत होती, "यंदा बीटाच्या साली पाठवल्या नाहीत तुम्ही. माझ्या बकऱ्या वाट बघून थकल्या." म्हटलं, पाठवल्या असतील, तुझ्या बकऱ्या तुझ्यासारख्या, मिळालेलं विसरतात. सून चुलीकडे वळली. लाकडं भरपूर असताना आणखी घातली.

८ डिसेंबर

पुढची बीटं संपली. सून दार मोकळं करायला बर्फ ओढत होती, म्हणून मीच तळघरात गेले. दिवा नेला नाही. स्टुलावर चढले, मागच्या ओळीत हात घातला. सुतळीला दोन गाठी, बरोबर. पण शेपूट उलटीकडे. पुढची बरणी, उलटीकडे. त्यापुढची, उलटीकडे. सगळी ओळ डाव्या हाताची.

एक वर आणून सोडली. काचेला टेकवलेल्या दोन चकत्या, बाकी सालींचं लाल पाणी.

सून आत आली. बरणी बघितली. हातातलं फावडं तसंच धरून उभी राहिली, बर्फ गळतोय फरशीवर. मी तिला फावडं कोपऱ्यात ठेवून वही आणायला सांगितली.

बसलीय समोर. काय लिहू, विचारते.

लिही, बीट उत्तम टिकलंय.